पणजोबांची पलटण सापडली: अभिलेख पटल, जनपथची रीडिंग रूम आणि लंडनचं क्यू, वापरून बघितलेला अनुभव

रिव्ह्यू सहसा मिक्सरचे नाहीतर हॉटेलचे लिहितात, हा सरकारी कागदांच्या पोर्टलचा आहे. पण आमच्यासारखी घरं सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड भागात गावोगाव एक तरी निघतील, जिथे कुणीतरी पलटणीत होतं आणि घरात फक्त एक मेडल आणि एक अर्धवट गोष्ट उरलीये, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्या घरातली गोष्ट एवढीच होती की पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले होते आणि परत आले. बस्स. कुठली पलटण, कधी गेले, कुणाशी लढले, काही नाही. आजी गेल्यावर तिची पत्र्याची पेटी उघडली तर लाल फडक्यात गुंडाळलेलं एक चांदीचं मेडल निघालं, एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा माणूस. मी ते तसंच ठेवून देणार होते. आमचे आप्पा (वडिलांचे चुलतभाऊ, स्वतः मराठा लाइट इन्फन्ट्रीतून रिटायर झालेले) म्हणाले, "अगं कड बघ कड, कडेवर नाव असतं." खिडकीत उजेडाला धरून कडेवर खडू चोळला आणि बोटाने पुसला, तशी बारीक अक्षरं पांढरी होऊन वर आली. आधी नंबर, मग सिपाय, मग पणजोबांचं नाव इंग्रज कानाने ऐकून लिहिल्यासारखं, आणि शेवटी १०५ आणि मराठा. एवढ्या एका कडेवरून पुढचं सगळं उलगडलं, त्यामुळे पहिला सल्ला हाच की घरातल्या मेडलला पॉलिश मारायच्या आधी कड वाचा आणि फोटो काढून ठेवा.

यानंतर मी एक चूक केली. पैसे घेऊन लष्करी रेकॉर्ड शोधून देणारी एक एजन्सी ऑनलाइन दिसली, नाव लिहीत नाही, साडेसहा हजार रुपये भरले, दोन महिन्यांनी एक पीडीएफ आली. चौदा पानं, पलटणीच्या डायरीतली, आणि वर "सर्व्हिस रेकॉर्ड" असं ठोकून दिलेलं. पणजोबांचं नाव त्यात कुठेच नव्हतं. नंतर कळलं की तीच पानं लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवरून फुकट लॉगइन करून उतरवता येतात. पैसे परत मागितले, उत्तर नाही. त्यामुळे कुणाला पैसे द्यायच्या आधी खालचं सगळं स्वतः करून बघा, इंग्रजी बेताचं असलं तरी जमतं.

आता अभिलेख पटल. हे आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं पोर्टल, २०१५ मध्ये सुरू झालेलं, रजिस्ट्रेशन करायचं आणि घरबसल्या शोधायचं, जे कागद स्कॅन झालेत ते स्क्रीनवर उघडतात. ही संस्था मुळात १८९१ ची, कलकत्त्यात इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट म्हणून सुरू झाली, आणि तिचे पहिले प्रमुख फॉरेस्ट साहेब हे आपल्या मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले प्रोफेसर, हे वाचून मला फार बरं वाटलं. राजधानी दिल्लीला गेली तशी ही कचेरीही यथावकाश दिल्लीला गेली आणि आता जनपथवर ल्युटियन्सने बांधलेल्या इमारतीत आहे.

पोर्टलवर पहिले दोन दिवस मला काहीही मिळालं नाही. कारण मी शोधत होते मिलिटरी डिपार्टमेंट आणि वर्ष १९१६. आता यातली मेख अशी की मिलिटरी डिपार्टमेंट हे नाव १७७६ पासूनचं, पण १९०६ मध्ये त्याचं आर्मी डिपार्टमेंट झालं (व्हाइसरॉय कर्झन आणि सरसेनापती किचनर यांचं भांडण झालं त्याचा हा परिणाम), मग जानेवारी १९३८ मध्ये डिफेन्स डिपार्टमेंट झालं, आणि ऑगस्ट १९४७ पासून संरक्षण मंत्रालय. अभिलेखागारात कागद विषयानुसार लावलेले नसतात, ज्या खात्याने तो कागद तयार केला त्या खात्याच्या नावाखाली आणि त्याच्या मूळ क्रमाने लावलेले असतात. म्हणजे तुम्हाला आधी ते खातं त्या वर्षी कुठल्या नावाने चालत होतं हे माहीत पाहिजे. हे एकदा डोक्यात शिरलं आणि मी आर्मी डिपार्टमेंट निवडून वॉर अशी शाखा आणि १९१६-१७ टाकलं तर पानंच्या पानं भरून यादी आली. प्रत्येक नोंदीत ए, बी किंवा डिपॉझिट असं असतं, ए म्हणजे महत्त्वाचे, बहुतेक छापून ठेवलेले, बी त्याहून कमी महत्त्वाचे. शिपायांच्या कामाचं मला तरी बी मध्ये जास्त मिळालं. पेन्शन, घरी पाठवायचे पैसे, बूट, कपडे, रेशन, पत्रांची सेन्सॉरशिप, असलं सगळं.

स्पेलिंगचं तर विचारूच नका. मराठा हा शब्द आज आपण लिहितो तसा टाकला तर पलटण येतच नाही, त्या काळात एम-ए-एच-आर-ए-डबल टी-ए असं लिहायचे. आणि मेसोपोटेमिया टाकण्याऐवजी इंडियन एक्सपिडिशनरी फोर्स डी टाका. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून बाहेर गेलेल्या फौजांना ए बी सी डी अशी अक्षरं दिली होती, ए फ्रान्सला गेली आणि डी मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, बसरा तिथलंच. हे एक अक्षर टाकल्यावर माझं काम निम्म्यावर आलं.

ऑफिसच्या कामाने दिल्लीला जाणं झालं तेव्हा एक दिवस काढून जनपथच्या रीडिंग रूममध्येही बसले. ओळखपत्र, फॉर्म, मग मागणीची स्लिप भरायची आणि वाट बघायची. मी कुठली पीएचडीवाली नाही, फॉर्मवर कारण लिहिताना हात अडखळला, तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "परिवार का इतिहास लिखिए ना, बहुत लोग आते हैं." दुपारी फाइल आली. नाडीने बांधलेली, कागद कडेला तपकिरी झालेले, आणि पहिल्याच पानावर शाईच्या पाच वेगवेगळ्या सह्या. शंभर वर्षांपूर्वी पाच टेबलांवरून फिरलेला तो कागद माझ्या टेबलावर आला याचं मला खरंच भरून आलं. पोर्टल आणि रीडिंग रूम मिळून माझ्याकडून पाचपैकी चार. एक तारा सर्चसाठी कापला, नोंदीत जो शब्द टाइप केलाय अगदी तोच टाकावा लागतो, थोडी मदत करणारा सर्च असता तर लोकांचे दिवस वाचले असते.

क्यूचं सांगते. लंडनजवळ क्यू इथे ब्रिटनचं नॅशनल आर्काइव्हज आहे आणि तिथे डब्ल्यूओ ९५ या मालिकेत पहिल्या महायुद्धातल्या पलटणींच्या वॉर डायऱ्या आहेत, त्यात मेसोपोटेमियात लढलेल्या आपल्या पलटणीही आल्या. वॉर डायरी म्हणजे शिपायाची डायरी नव्हे, पलटणीचा अधिकारी रोज भरायचा तो छापील फॉर्म. फॉर्मचा नंबरसुद्धा कोपऱ्यात असतो, सी २११८. रकाने साधे, जागा, तारीख, वेळ, काय घडलं आणि शेरा. पेन्सिलीने लिहिलेलं, मधेच कार्बन कॉपी, मधेच पाण्याचा डाग. कुठल्या दिवशी किती मैल चालले, टायग्रिसला पूर आला, उंट किती आले, पाऊस आणि चिखल. आणि जखमींची नोंद आली की साहेबाचं नाव पूर्ण, आणि खाली आय.ओ.आर. आणि पुढे आकडा. आय.ओ.आर. म्हणजे इंडियन अदर रँक्स, अधिकारी नसलेले हिंदी शिपाई. माझे पणजोबा त्या आकड्यात कधी होते की नव्हते ते डायरी सांगत नाही. ते वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही.

ही नावांची गोष्ट डायरीपुरती नाही. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे, त्यातल्या हिंदी शिपायांचे दगडावर बहुतांशी आकडेच दिले होते, नावं नाहीत. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात मान्य केलं की निदान १ लाख १६ हजार मृतांची, ज्यात पूर्व आफ्रिकन आणि इजिप्शियन माणसंच जास्त, नावाने नोंद झालीच नाही. तुमच्या घरातला माणूस परत आला नसेल तर त्या कमिशनची साइट आधी बघा, शोधायला फुकट आहे, आणि गावाचं नाव, वडिलांचं नाव कधी कधी त्यात मिळतं.

एक गैरसमज काढून टाका. क्यूला ब्रिटिश सैनिकांच्या वैयक्तिक फायली आहेत, आपल्या शिपायांच्या नाहीत. आणि त्यांच्यासुद्धा सगळ्या नाहीत, सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा त्या फायलींचं गोदाम जळलं आणि पहिल्या महायुद्धातल्या निम्म्याहून जास्त गेल्या. अमेरिकेत १९७३ मध्ये सेंट लुईसला आग लागून १ कोटी ६० लाखांच्या वर फायली खाक झाल्या. जर्मनीचं पॉट्सडॅमचं लष्करी दफ्तर एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. लष्कराचे कागद एकाच ठिकाणी, एकच प्रत, अशी ठेवली की असं होतं.

क्यूला पाचपैकी साडेचार. स्कॅन स्वच्छ, नोंदीत पलटणीचं नाव आणि तारखा दिलेल्या, त्यामुळे शोधायला दहा मिनिटं लागली.

आता मूळ मुद्द्याकडे येते, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले. डायरी उतरवून घेतली आणि आप्पांना वाचून दाखवली. आप्पा खुश झाले आणि मग म्हणाले, "आता आमची काढ. जमालपूरची."

आप्पा १९७१ ला जंगी पलटणीत होते, म्हणजे १ मराठा, पहिल्या महायुद्धातली १०३ नंबरची पलटण तीच. (१०५ म्हणजे आत्ताची २ मराठा, काली पांचवी. १९२२ मध्ये सगळे नंबर बदलले, शोधताना हे लक्षात ठेवा, आणि ११० नंबरची पलटण तर आज पॅराशूट रेजिमेंटमध्ये आहे.) जमालपूर म्हणजे पूर्व पाकिस्तानातलं ब्रह्मपुत्रेकाठचं गाव, तिथे पाकिस्तानची बलुच पलटण होती. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या असं पत्र पाठवलं आणि पाकिस्तानी कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. १० डिसेंबरच्या रात्री ते बाहेर पडायला निघाले आणि कर्नल ब्रार यांच्या हाताखालच्या जंगी पलटणीने त्यांना अडवलं. आप्पा त्या रात्री रस्त्याकडेच्या खंदकात होते. बावीस वर्षांचे.

त्या रात्रीची डायरी पण कुठल्यातरी फॉर्मवर कुणीतरी लिहिली असणार, पलटणीत तशी पद्धतच आहे. ती अभिलेख पटलवर नाही. १९१७ चा मेसोपोटेमिया मी चहा पिता पिता वाचला आणि १९७१ चं जमालपूर, ज्यातला माणूस माझ्यासमोर खाटेवर बसलाय, ते नाही.

का, ते शोधलं. आपल्याकडे सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा आहे आणि नियम १९९७ चे. साधारण २५ वर्षं झाली की जपण्यासारखे कागद खात्याने राष्ट्रीय अभिलेखागाराला द्यायचे. पण त्याच कायद्यात असंही आहे की ज्यावर गोपनीय शिक्का आहे तो कागद तिकडे पाठवायचा नाही, आधी शिक्का काढायचा. आणि शिक्का काढायचा तो ज्या खात्याचा कागद त्यानेच. म्हणजे २५ वर्षं ही मुदत कागदावर आहे पण चावी ज्याच्या खिशात त्याच्याच मर्जीवर सगळं. माहिती अधिकार कायद्यात २० वर्षांपूर्वीच्या गोष्टींची माहिती द्यायची असं कलम आहे, तिथेही देशाच्या सुरक्षेचा अपवाद वेगळा ठेवलाय. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल हे सगळ्यात ठसठशीत उदाहरण, १९६३ मध्ये सादर झाला, तो लिहिणाऱ्या दोघांपैकी एक व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले प्रेमिंद्रसिंग भगत, आणि २०१० मध्ये संसदेत सांगितलं गेलं की अजूनही देता येत नाही. २०१४ मध्ये त्याचा मोठा भाग एका परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला. आपला अहवाल आपण दुसऱ्याच्या साइटवर वाचायचा, हे मला अजिबात पटत नाही.

लष्कराचे कागद वेगळ्या इमारतीत ठेवावेत का राष्ट्रीय अभिलेखागारात, यावर लोक भांडतात, पण थोडं वाचल्यावर मला वाटतं इमारतीचा प्रश्नच नाही. जर्मनीचं लष्करी अभिलेखागार फ्रायबुर्गला आहे पण ते त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचीच शाखा आहे. फ्रान्समध्ये उलट, संरक्षण खात्याचं स्वतःचं अभिलेखागार पॅरिसला लागून व्हँसेनच्या किल्ल्यात, राष्ट्रीय अभिलेखागाराहून पूर्ण वेगळं, तरी कायदा दोघांना एकच आणि मुदती कायद्यात लिहिलेल्या, आणि पहिल्या महायुद्धात देशासाठी प्राण दिलेल्या १३ लाखांहून जास्त सैनिकांच्या नोंदी त्यांनी नेटवर खुल्या केल्यात. ब्रिटनमध्ये मुदत आधी ५० वर्षं होती, मग ३०, आता २० वर. आणि २०२२ पासून त्यांचं संरक्षण मंत्रालय सुमारे ९७ लाख सैनिकांच्या वैयक्तिक फायली क्यूला देत आहे. म्हणजे वेगळं ठेवा नाहीतर एकत्र ठेवा, मुदत कुणाच्या मर्जीवर ठेवू नका आणि यादी तरी सगळ्यांना दिसू द्या. निदान यादी. कागद बंद आहे एवढं कळलं तरी माणूस वाट बघतो.

आपल्याकडे पेशवे दफ्तरात बघा, पुण्यात, तिथे लष्करी दफ्तर असं वेगळं नाहीच, फौजेच्या हजिऱ्या, सरंजाम, घोड्यांचे हिशेब, गावांचा वसूल, देवस्थानांचे खर्च, सगळं एकाच दफ्तरखान्यात नांदतंय. त्यामुळेच कुठल्या मोहिमेला पैसा कुठून आला हे अभ्यासकांना लावता येतं. फौज आणि बाकीचा कारभार वेगवेगळे नसतात, मग कागद का तोडायचे.

चांगलं पण सांगितलं पाहिजे. जून २०२१ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी युद्धांचे कागद जपायचं आणि खुलं करायचं धोरण मंजूर केलं. त्यात स्पष्ट आहे की तिन्ही दलं, कोस्ट गार्ड, आसाम रायफल्स यांनी वॉर डायऱ्या वगैरे मंत्रालयाच्या हिस्टरी डिव्हिजनला द्यायच्या, युद्ध संपल्यावर दोन वर्षांत समिती नेमायची, त्यानंतर तीन वर्षांत इतिहास लिहून पूर्ण करायचा, आणि २५ वर्षांहून जुने कागद जाणकारांकडून तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराला द्यायचे. कारगिलनंतरच्या सुब्रह्मण्यम समितीने हेच सांगितलं होतं. धोरण चांगलं आहे, मनापासून सांगते. फक्त आप्पा आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत आणि त्यांच्या तुकडीतले आठच जण राहिलेत ज्यांचे फोन अजून लागतात. इतिहास लिहून होईपर्यंत कागद थांबवायचे, ही त्यातली अट मला खटकते. पुस्तक लिहिणाऱ्याला लिहू दे, पण घरच्यांना कागद का थांबावा?

मुंबईकरांसाठी थोडक्यात, १८९५ पर्यंत बॉम्बे आर्मी वेगळी होती, त्याआधीचा माणूस शोधत असाल तर थेट दिल्ली नको, आधी काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्याचं पुराभिलेखागार बघा.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगते. मी सी २११८ चे रकाने वहीत आखले, जागा, तारीख, वेळ, काय घडलं, शेरा, आणि आप्पांना म्हटलं तुम्ही सांगा, मी लिहिते. तीन रविवार झालेत. शेऱ्याच्या रकान्यात आप्पा आकडा सांगत नाहीत, एकेका पोराचं नाव आणि गाव सांगतात, आणि नाव आठवेपर्यंत मला पुढच्या ओळीवर जाऊ देत नाहीत. आत्तापर्यंत १० डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत आलोय.